खाऱ्या लाकडाचा जाळ

मासा साफ करायला मला कधीच जमलं नाही, आणि शिपाई माझ्या वरणानं मेला असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. शिपाई म्हणजे मुर्ध्याच्या बाबांचा कुत्रा. आता माझी नातवंडं हसतात, म्हणतात, आजी, वरणानं कुणी मरतं का? मरत नसेल. पण त्या घरात मी नवी होते, वय अठरा-एकोणीस, आणि जे काही बिघडेल ते आपल्यामुळेच बिघडलं असं समजायची मला सवय होती. ती अजून गेलेली नाही. गॅसवर दूध उतू गेलं तरी मी आधी इकडेतिकडे बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. गुडघे थकले, नजर थकली, ही एक भीतीच तेवढी अजून तरणीताठी आहे.

आमचं माहेर उस्मानाबादकडचं, काळ्या मातीतलं. वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्ट्यात त्यांचा हात गेला तेव्हा मी आठवीत होते. त्यांच्या जागी गिरणीवर बसले, ती पुन्हा शाळेत गेले नाही. पुढे लग्न झालं. आमचे हे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते, चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचे. बायको आणायची म्हणजे वेगळी खोली हवी, आणि खोली म्हटली की लोक आधी डिपॉझिट विचारायचे, मग आडनाव. भाईंदर पश्चिमेला खाडीकडेच्या मुर्धा गावातल्या बाबांनी दोन्ही विचारलं नाही. गावाचं नाव तेवढं विचारलं, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "लांबचं गाव हाय. ऱ्हावा." त्यांच्या कौलारू घराची एका अंगाची पडवी कुडानं बंद करून केलेली ती खोली. एक खिडकी, एक मोरी, आणि भिंतीपलीकडे बाबा आणि त्यांची बायको. तिला सगळं गाव आय म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

त्या घरात मला आधी आवाज कळले, माणसं नंतर. पहाटे विहिरीच्या रहाटाची कुरकुर, मग आयच्या हातावर थापल्या जाणाऱ्या तांदळाच्या भाकरीचा ओला चपचप आवाज. माझी ज्वारीची भाकरी परातीत थापताना धप्प वाजायची, आय पलीकडून ओरडायची, "काय गो, भाकर करतंस का धुनं धुतंस?" उत्तनकडे जाणारी बस गेली की कौलं हलायची. आणि सगळ्याच्या मागे, रस्त्यापलीकडून, शिपायाचं भुंकणं. तिथे बाबांचं मिठागर होतं. आगर म्हणायचे ते. खाडीच्या कडेनं मातीचा बांध, बांधाच्या आत चौकोनी खाचरं, आणि एका टोकाला गेल्या सालच्या मिठाची रास, झावळ्यांनी शाकारलेली. लांबून बघितलं तर कुणी घर बांधायला घेतलंय आणि छपरापासून सुरुवात केलीय असं वाटायचं. त्या राशीच्या सावलीत शिपाई राहायचा. पिवळट रंगाचा, एक कान फाटलेला, दिसायला काही विशेष नाही. गुरं बांधावर चढली की हाकलायचा, पोरं मिठात खेळायला आली की त्यांना हाकलायचा, आणि संध्याकाळी बाबांच्या मागे मागे घरी यायचा. मिठात वावरून बाबांच्या टाचांना भेगा पडलेल्या असायच्या, तशाच शिपायाच्या पंजांनाही. आय एका वाटीत खोबरेल कोमट करून द्यायची. बाबा आधी कुत्र्याचे चारही पाय चोळायचे, मग उरलेल्या तेलात स्वतःचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती, आणि लगेच त्या किळसेची लाज. आमच्या घरी वडिलांचा हात गेल्यावर त्यांच्या पायांना तेल लावायचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

जेवायला बसले की बाबा आपल्याच ताटातला भात, त्यावर बोंबलाचं कालवण आणि काटे काढलेला मासा असं कालवून शिपायापुढे ठेवायचे. कालवणाची एक वाटी रोज माझ्याकडेही यायची. पहिले आठ दिवस मी श्वास धरून खाल्लं, नंतर श्वास घेऊन, आणि मग वाटी यायला उशीर झाला तर मी दाराकडे बघू लागले. खायला मला जमलं. साफ करायला जमलं नाही. विळीवर बोंबील धरला की हातातून पाण्यासारखा निसटायचा, आणि त्याचं ते उघडं तोंड बघून माझ्या पोटात ढवळायचं. थोरलीच्या वेळचे दिवस गेलेले होते, पण ते मला महिन्यानं कळलं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की ह्या घराचा आपल्यावर इतका जीव, आणि आपल्याला साधा मासा कापता येत नाही.

दसरा झाला आणि बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मुंबईच्या हॉस्पिटलात आठ दिवस राहायचं, आय सोबत जाणार, तिच्या बहिणीकडे मुक्काम. निघताना बाबांनी आगराची किल्ली, घराची किल्ली असं काही माझ्याकडे दिलं नाही, कारण कुलूपच नव्हतं. ते म्हणाले, "शिपायला बग. मासली दे. बाकी तो कोनाकडं कायपन मागत न्हाय." आयनं चौकच्या मावशीला सांगून ठेवलं होतं. ही कोळीण मावशी एक दिवसाआड चौक गावाहून बसनं माशांची पाटी घेऊन यायची, दारात पाटी उतरवायची आणि पदरानं वारा घेत गावभरच्या बातम्या सांगायची. पहिल्या दिवशी तिनं बोंबील दिले. मी विळीशी बसले, उठले, मोरीत ओकले, पुन्हा बसले. शेवटी ते बोंबील शेजारच्या मांजरीला गेले आणि शिपायाला मी वरणभात नेला. वर तूप सोडलं होतं. त्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पंजांवर तोंड ठेवून पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्याला सांगितलंसुद्धा, "अरे खा की, आमच्याकडं सणाला करतात असं." तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर कालचं वरण घट्ट होऊन त्यावर मुंग्या चढल्या होत्या, आणि शिपाई त्याच झावळ्यांखाली, तसाच पंजांवर तोंड ठेवून, गेलेला होता.

हे रात्रपाळी करून आले ते मला बांधावर बसलेली बघून तिथेच आले. म्हातारा कुत्रा होता, जायचाच, असं म्हणाले. मग म्हणाले, "गावात कुणाला तरी विचार, काय करतात इथं ते." मी म्हटलं, नको. विचारायचं म्हणजे आधी सांगायला लागणार. सांगितलं की चौथ्या मिनिटाला मुर्ध्यात, आठव्याला शेजारच्या राई गावात, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी मुंबईला जाऊन बाबांना सांगणार की तुमच्या भाडेकरणीनं तीन दिवसांत कुत्रा मारला. खोली गेली असती. खोलीपेक्षा बाबांचं ते "ऱ्हावा" गेलं असतं. आणि मला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. लहानपणी चुलत्यांचा बैल गेला होता तेव्हा पाहिलं होतं मी. कमरेइतका खड्डा, बैलाच्या अंगाला हळद, आणि वरून पोतंभर मीठ. मीठ घातलं की माती लवकर घेते, कोल्हं उकरत नाही. तो मान असतो जनावराचा. आमच्याकडे तेवढं मीठ घालायचं म्हणजे घरातल्या बायका कुरकुर करायच्या. इथे तर मिठाची अख्खी रास उभी होती. ह्यांनी बांधाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. मी राशीतलं मीठ पोत्यात भरलं, हळद आणली, तगरीची फुलं आणली. अर्धं मीठ खाली, अर्धं वर. माती लोटून झाल्यावर मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर रडण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटत होतं. सगळं रीतसर केलं होतं ना.

मधली एक खेप चुकवून दोन दिवसांनी मावशी आली. पाटी उतरवली आणि नेहमीसारखी एका बोंबलाची शेपटी तोडून हाक मारली, "शिपाय! ए शिपाय!" कुणी आलं नाही तशी माझ्याकडे वळली. "कुठं गेला गो?"

"गेला तो, मावशी. परवा."

"अरं देवा." तिनं छातीवर क्रूस काढला. "म्हातारा झालेला. बाबूस अजून हास्पिटलातच ना? मग अग्नी कोनी दिला?"

"अग्नी?"

"आगरातल्या कुत्र्याला अग्नी देतान ना ते. याच्या आधीचा होता, त्याच्या आधीचा होता, सगल्यांना बांधावर जाललं. मीच बघलंय दोन येला."

मी म्हटलं, "आम्ही पुरलं." आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना म्हणून आणखी सांगितलं, "मीठ घालून. पोतंभर."

मावशीचा वारा घेणारा पदर थांबला. "आगरात? मिठात?" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंडावर हात घेतला. "बाय गो! आमी मावरा टिकवाला मीठ लावतान, आन तू कुत्रा टिकवून ठेवलास!"

ती गेल्यावर मी पायरीवरच बसून राहिले. कोळणीला जे कळत होतं ते मला का कळलं नव्हतं? मीठ कुजवत नाही, ठेवतं. आमच्या काळ्या मातीत कदाचित मातीच सगळं करत असेल आणि मिठाला फुकट मान मिळत असेल. इथे माती नव्हतीच, मीठच होतं खालीवर. म्हणजे शिपाई तिथे होता तसाच पडला होता, आणि बाबा यायला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी लाकडं आणायला निघाले. गावात लाकडं मागितली तर का म्हणून विचारतील, म्हणून बस धरून स्टेशनला, पूल चढून पूर्वेला, आणि केबिन रोडवर विचारत विचारत एका वखारीत. एवढी लांब एकटी मी तोवर गेले नव्हते. वखारीचे शेठ गल्ल्यावर बसून चष्मा पुसत होते. मी म्हटलं, जाळायला लाकडं पाहिजेत, मोडक्या हिंदीत.

"चूल्हे के लिए?"

"नहीं. वो... गुजर गया ना."

त्यांचा आवाज खाली आला. "घर का था?"

"हां. घर का."

"उमर?"

"ग्यारा साल."

शेठनी चष्मा खाली ठेवला. "अरेरे. बीमार था, बेटा?"

"खाता नहीं था. मैं दाल देती थी, वो खाता नहीं था." एवढं म्हणाले आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. शेठनी माणसाला हाक मारून स्टूल मागवलं, चहा मागवला. "अंदर से सूखावाला निकाल," म्हणाले, "गीला मत देना, बच्चे का मामला है." मी चहा पीत होते, हमाल लाकडं काढत होता. शेठनी हळूच विचारलं, "बाप कहाँ है उसका?"

"किसका बाप?"

"अरे, जो गया उसका!"

"मालूम नहीं, शेठजी," मी म्हटलं. "कुत्ता था वो."

हमालाच्या हातातलं लाकूड खाली पडलं. तो तोंड फिरवून हसत होता, त्याचे खांदे दिसत होते मला. शेठ लालबुंद झाले. "कुत्ते के वास्ते चाय पिलाया मैंने तेरे को?" मग माझं तोंड बघून त्यांचंच त्यांना काहीतरी वाटलं असावं. म्हणाले, "चूल्हे के लिए बोल दे और ले जा. घर जाके क्या जलाती है, मैं देखने आनेवाला हूँ क्या?" चांगला माणूस. पण मला 'चुलीसाठी' एवढा शब्द उच्चारता आला नाही. एकदा कुत्रा म्हणून झाल्यावर चूल कशी म्हणायची? मी चहाचा कप धुऊन ठेवला आणि रिकाम्या हातानं परत आले. आज विचार करते तर त्या मूर्खपणाचा कंटाळा येतो. सुकी लाकडं होती, माणूस द्यायला तयार होता, आणि मी खोटं बोलायला लाजले. आणि दुसऱ्याच दिवशी जिथे बोलायला नको होतं तिथे बोलून बसले.

कारण बाबा एक दिवस आधीच आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, आयच्या खांद्यावर हात. ओसरीवर बसायच्या आधीच त्यांनी मान आगराकडे वळवली. भुंकणं आलं नाही.

"शिपाय?"

"गेला, बाबा. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी."

बाबा खाली बसले. मग विचारलं, "अग्नी दिलास ना?"

आणि माझ्या तोंडून "हो" गेलं.

"कुठं?"

"बांधावर."

"बरा केलास पोरी," बाबा म्हणाले. "लांबची तू. तरी केलास." आयनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पट्टी निघाली का जाऊन बघून येन," बाबा म्हणाले. चार दिवसांनी पट्टी निघणार होती.

ते चार दिवस मी कशी राहिले असते कोण जाणे. मला एकच रात्र काढता आली. आयचा हात कापायचा म्हणून डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. दिवसातून चार वेळा बाबा ओसरीवर आडवे व्हायचे, मी पट्टी उचलायची, दोन थेंब टाकायचे, आणि मग त्यांनी डोळा मिटून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब टाकले. त्या पापणीखाली डोळा थरथरत होता. मी म्हटलं, "बाबा, मी अग्नी दिला नाही. मला माहीत नव्हतं. मी पुरला त्याला. मीठ घालून."

बाबा हलले नाहीत. हलायचं नव्हतंच. गालावरून औषधाचा एक ओघळ कानाकडे गेला, तो मी पुसला नाही.

"किती मीठ?"

"एक पोतं."

"राशीतला?"

"हो."

"भरून?"

"हो, बाबा."

"मंग हाय तसाच असंल तो," बाबा म्हणाले. नंतर, डोळा मिटलेलाच ठेवून, "आगरात कायपन पुरत न्हाय पोरी. माझ्या बापानं पुरला न्हाय, त्याच्या बापानं न्हाय. ते मीठ लोकांच्या जेवनात जातं." आणि मग त्याहून हळू, "विचारायचास ना कोनाला तरी. गाव काय मेला होता?"

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आयनं मला वाटी पाठवली नाही. विसरली असेल, पण मला तेव्हा विसरणं आणि न देणं यात फरक कळत नव्हता. मी आमची पत्र्याची ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागले. दोन लुगडी, ह्यांचे शर्ट, स्टोव्ह सगळ्यात वर. ह्यांची त्या दिवशी सुट्टी होती. ते दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कुठं जायचंय?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग स्टोव्ह तरी खाली ठेव, सांडेल." आम्ही दोघं ट्रंकेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं.

चारच्या सुमाराला दारावर थाप आली. बाबा उभे होते. पट्टीवरून पंचा गुंडाळलेला, हातात काठी. त्यांनी ट्रंक पाहिली असणारच, एका डोळ्यानं का होईना. ह्यांना म्हणाले, "फावडं घे." आणि मला, "दोन हंडे पानी घे. विहिरीचं. गोडं."

मागून आय ओरडत होती. डॉक्टरानं धूर नको सांगितलाय, धूळ नको सांगितलाय, डोळा गेला तर मना बोलू नको. बाबा थांबले नाहीत. परड्यात भिंतीला टेकून उघाडीच्या फळ्या ठेवलेल्या होत्या. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. भरतीचं पाणी त्यातून आत घेतात आणि अडवतात, त्याच पाण्याचं मग मीठ होतं. पावसाळ्यात फळ्या काढून ठेवायच्या आणि दसऱ्यानंतर पुन्हा बसवायच्या. बाबांनी काठी त्या फळ्यांवर आपटली. "या उचल."

आयचं ओरडणं बंद झालं. "उघाडी जालतंस?" ती म्हणाली. "मंग पानी कशात धरशील?"

"न्हाय धरायचा या साली."

आय आत गेली. तिनं घरातून मीठ ओढायची दोन जुनी लाकडी फावडी आणली, लांब दांड्यांची, आणि फळ्यांवर ठेवली.

ह्यांनी खणलं. बाबा म्हणाले होते तसंच होतं. शिपाई होता तसा होता. पंजांवर तोंड, अंगावरचे केस काड्यांसारखे कडक, पापण्यांवर मिठाचे कण, आणि माझी हळद अजून पिवळी. तगरीची फुलंसुद्धा सुकून जशीच्या तशी. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही, पण बघवलं. बाबा खाली बसले आणि गोड्या पाण्यानं त्याला धुवायला लागले. एक हंडा पुरला नाही. पंजे त्यांनी वेगळे धुतले, एकेका भेगेत बोट घालून. "मीठ गेलं पायजे," म्हणाले, "न्हायतर जलत न्हाय तो." मी पाणी ओतत होते. तिथल्या विहिरीचं गोडं पाणी किती जपून वापरायचो आम्ही, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

कुत्रा धुतला, पण लाकूड कसं धुणार? त्या फळ्या कितीक वर्षं खाडीचं पाणी पीत आलेल्या. ह्यांनी रेशनचं रॉकेल ओतलं, काडी लावली. भडका झाला आणि बसला. पुन्हा ओतलं. मग लाकूड धरायला लागलं, पण कसं, तडतड तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखं, आणि ठिणग्या उडत होत्या अंगावर. जाळ पिवळा होता. साधा चुलीचा पिवळा नव्हे. हळदीसारखा गडद, सगळ्यांची तोंडं त्यात आजारी दिसत होती. आय बाबांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढत होती आणि धूर बरोबर तिकडेच वळत होता. "औषध धुऊन चाललं तुझ्या डोल्यातलं," ती म्हणत होती. बाबा म्हणाले, "जाऊं दे. लय महाग न्हाय."

खूप वेळ लागला. त्या जाळाला घाई नव्हती. दिवस कलला, खाडीतलं पाणी उतरायला लागलं, बसगाड्या येऊन गेल्या. आम्ही चौघं बांधावर बसलो होतो, आणि पाठीत, मांड्यांत इतका शीण भरला होता की मला वाटलं आता बाबांनी जा म्हटलं तरी उठवणार नाही, इथून बसल्या बसल्याच जावं लागेल. राख झाली तेव्हा झाली. बाबांनी ती फावड्यानं गोळा केली आणि ओहोटीच्या पाण्यात सोडली. मग काठीवर जोर देऊन उठायला लागले, उठवेना, म्हणून माझ्याकडे हात केला. मी धरून उभं केलं. हात खरखरीत होता, मिठाचा, धुराचा.

माझ्या खांद्यावर भार टाकून चालता चालता ते म्हणाले, "माझ्या टायमाला आधी विचार कोनाला तरी. मिठात घालू नको मना."

आय मागून हसली, पहिल्यांदा त्या दिवसात. मला हसू आलं नाही. ते काय बोलले हे समजायला घर येईपर्यंतचा रस्ता लागला. घरी जाऊन मी ट्रंक उघडली आणि स्टोव्ह जागेवर ठेवला.

आगर त्या साली झालं नाही, पुन्हाही झालं नाही. जमीन विकायच्या कागदांवर भाऊबंदांचे अंगठे आधीच उठले होते आणि बाबांचा तेवढा राहिला होता, हे मला फार पुढे कळलं. तरी आजसुद्धा त्या बाजूनं रिक्षानं जाताना, आगराच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती बघताना, मला वाटतं की मी एक पोतं मीठ मातीत घातलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मुलं म्हणतात, आई, तुझ्यामुळे नाही गं. नसेल.

थोरली दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला स्वतःच्या खोलीत आलो. बाबा त्यानंतर चार-पाच वर्षं होते. निरोप आला तेव्हा मी तशीच निघाले, हातातलं पीठ पुसत. घर माणसांनी भरलेलं होतं, सगळे त्यांचे भाऊबंद, मी कुणाला ओळखत नव्हते आणि मला कुणी. ओसरीच्या पायरीवर एकानं अडवलं, "तुमी कोन?" मला सांगता येईना. भाडेकरू म्हणू? ते तर आता नव्हतो. मी तिथेच उभी राहिले, नेहमीसारखी, कुणाला तरी अडचण झाल्यासारखी.

आतून आयनं मान वर केली. रडून तिचा आवाज पार बसला होता.

"येऊं द्या तिला," ती म्हणाली. "ती विचारायला आलीय."

मग मी आत गेले, तिच्या पायाशी बसले, आणि विचारलं.